उभा कॅक्टस पिवळा का पडतो? नाशिकच्या गच्ची-बाल्कनीसाठी ओळख आणि निदान

कॅक्टस पिवळा पडायला लागला की घरातलं कुणीतरी दया येऊन त्याला तांब्याभर पाणी घालतं. दुसरं कुणीतरी ‘ऊन कमी पडतंय’ म्हणत कुंडी उचलून गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवतं. ऑगस्टमध्ये पहिलं आणि एप्रिलमध्ये दुसरं, यातलं एकही उभ्या कॅक्टसला आडवा करायला पुरेसं आहे.

नाशिककरांच्या नात्यात एखादा तरी द्राक्षबागायतदार असतोच. वेलीचं पान पिवळं पडलं की तो लगेच फवारणीचा पंप उचलत नाही. पिवळं झालेलं पान जुनं की नवं, शिरा हिरव्या आहेत की त्याही गेल्या, एकाच ओळीत आहे की सगळ्या बागेत, हे बघतो आणि मग बोलतो. कॅक्टसला पानं नसली तरी पद्धत हीच. आधी झाड कोणतं ते ठरवा, मग पिवळं कुठून सुरू झालं ते बघा, मग बोटाने दाबून बघा. हे तिन्ही होईपर्यंत पाणी, खत, औषध कशालाही हात लावू नका.

आधी झाड ओळखा

नर्सरीत ‘कॅक्टस’ म्हणून उभी असलेली काही झाडं कॅक्टस नसतातच, ती युफोर्बिया असतात. आपल्याकडच्या कुंपणांना आणि किल्ल्यांच्या वाटेवर खडकात दिसणारा थोर आणि शेर हे याच युफोर्बियांच्या घरातले. कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले, तर कुंडीत येणारे उभे युफोर्बिया बहुतेक आफ्रिकेतले.

फरक ओळखायला काट्याच्या बुडाशी बघा. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीतून निघतात. पांढरी, करडी किंवा तपकिरी, पण गादी असतेच, आणि एका गादीतून सहसा बरेच काटे येतात. युफोर्बियाला अशी गादी नसते. त्याचे काटे बहुधा जोडीने, खोडाच्या उभ्या धारेवरच्या कडक पट्टीतून निघालेले असतात, आणि कोवळ्या शेंड्याला पुष्कळदा छोटी हिरवी पानंही दिसतात. तरीही शंका राहिली तर टाचणीने अगदी हलकं टोचा. दुधासारखा पांढरा चीक आला तर युफोर्बिया. हा चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

ही ओळख निदानासाठीही लागते. युफोर्बिया ट्रायगोना, म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेलं ते तिधारी, धारेवर पानं असलेलं झाड, थंडीत पानं पिवळी करून गाळतं. तो त्याचा दरवर्षीचा कार्यक्रम आहे. खोड हिरवं आणि टणक असेल तर त्याला काही झालेलं नाही.

कॅक्टसच आहे असं ठरलं की धारा मोजा. नाशिकमध्ये विकत मिळणाऱ्या उभ्या कॅक्टसमध्ये सगळ्यात जास्त भेटतो तो सेरियस. धारा साधारण पाच ते आठ, पातळ आणि खोल. कोवळा शेंडा निळसर, त्यावर बोट फिरवलं तर पुसली जाणारी मेणाची भुकटी. ती भुकटी पुसू नका, ते झाडाचं उन्हापासूनचं संरक्षण आहे. झाड मोठं झालं की पांढरी, हातभर नव्हे पण वीतभर नक्की, अशी फुलं रात्री उमलतात आणि सकाळी नऊ-दहाला मान टाकतात. सेरियसच्या फुलाची नळी बाहेरून गुळगुळीत असते. तशीच रात्रीची पांढरी फुलं पण नळीवर लोकर असेल तर तो ट्रायकोसेरियस. त्याच्या धारा जाड आणि गोलसर असतात.

निळा दिसणारा आणि सोनेरी काट्यांचा तो पिलोसोसेरियस. याचे काटे मुळातच पिवळे. लांबून बघून घाबरू नका, काट्यांमधली साल बघा. निळसर पण काटे आखूड आणि मोजके, धारा पाच-सहा असतील तर मायर्टिलोकॅक्टस. पांढऱ्या काट्यांनी साल जवळजवळ झाकून गेलेला, सडपातळ, पंचवीसच्या आसपास बारीक धारांचा तो क्लाइस्टोकॅक्टस. याची साल दिसतच नसल्यामुळे आजार उशिरा कळतो, म्हणून त्याच्या बुडाशी महिन्यातून एकदा बोट लावून बघायची सवय ठेवा. आणि खाली तीन धारांचा हिरवा दांडा, वर लाल किंवा पिवळा गोळा, असं जे मिळतं ते कलम आहे. खालचा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा. वरच्या गोळ्यात हिरवं द्रव्यच नसतं, त्यामुळे तो पिवळाच राहणार. खालचा दांडा पिवळा झाला तर मात्र दोघांचीही वेळ भरत आली.

पिवळं कुठून सुरू झालं?

कुंडी जागेवर असतानाच बघा, हलवू नका. पिवळं बुडाशी आहे, एका अंगाला आहे, शेंड्याला आहे, की ठिपक्या-ठिपक्यांनी? मग पिवळ्या भागावर अंगठ्याने दाबा. टणक लागतो, की आत दबतो? शेवटी महिना आठवा.

बुडाशी तपकिरी, लाकडासारखी कडक साल वर चढताना दिसली आणि दाबून टणक लागली, तर ते वय आहे. सेरियससारखी झाडं उंच होताना बुडाला अशी साल धरतात. सोडून द्या.

बुडाशी पिवळं आणि मऊ: कूज

ही सगळ्यात घातक गोष्ट आणि नाशिकमध्ये हिचा हंगाम ठरलेला, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरी-त्र्यंबककडे त्याच्या कितीतरी पट. पण आकड्यापेक्षा पावसाची तऱ्हा जास्त मारते. आठ-आठ दिवस झिमझिम, ऊन नाही, कुंडीतली माती वाळतच नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती गुदमरतात आणि मग मातीतल्या बुरशी आत शिरतात. साल आधी फिकट पिवळी, मग पाण्याने भरल्यासारखी अर्धपारदर्शक, मग तपकिरी होते. दाबलं की बोट आत जातं, आंबूस वास येतो. वरचा सगळा खांब अजून हिरवागार असतो, म्हणूनच लोक फसतात.

कूज दिसली तर झाड त्याच दिवशी कुंडीतून काढा. मुळं बघा. बागायतदार ज्याला पांढरी मुळी म्हणतात तशी मुळी दिसली तर आशा आहे. तपकिरी, ओढली की साल हातात येणारी मुळं असतील तर झाड कापावं लागेल. ते कसं, ते शेवटी सांगतो.

कारण बहुतेक वेळा मातीत सापडतं. आपली काळी माती कॅक्टसला कुंडीत चालत नाही. ती पाणी धरते, आणि वाळली की आकसून मुळं तोडते. नुसतं कोकोपीटही नको. दोन भाग बारीक खडी किंवा जाडसर मुरूम, एक भाग तांबडी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, वर मूठभर निंबोळी पेंड. खडी चाळून धूळ काढून टाका, नाहीतर तीच तळाशी बसून चिखल करते. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात उचलून ठेवा. मोठं झाड गच्चीवरच असेल आणि हलवता येत नसेल तर निदान वरून पारदर्शक पत्रा टाका.

पाणी कधी द्यायचं याला वार ठरवू नका. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत बोटभर खोल, मुळं टाळून खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर निघाली किंवा माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी निघाली तरी पावसाळ्यात आणि थंडीत आणखी काही दिवस थांबलात तर बिघडत नाही. उन्हाळ्यात मात्र द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्या. रोज चमचा-चमचा पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार.

उलट टोकही असतं. साल पिवळसर, धारा आत ओढलेल्या, अंगावर बारीक सुरकुत्या, पण कुठेही ओल नाही आणि माती दगडासारखी. हे तहानलेलं झाड आहे. सुरकुत्या मुळं कुजल्यामुळेही पडतात, म्हणून पाणी घालण्याआधी काडी खुपसून बघाच. ओल्या मातीत सुरकुतलेला कॅक्टस म्हणजे मुळं गेली आहेत असं समजा.

एका अंगाला पिवळं आणि टणक: ऊन लागलंय

द्राक्षाच्या खरड छाटणीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलात, ही तक्रार सुरू होते. नर्सरीत झाड हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं. आपण घरी आणतो आणि ‘वाळवंटातलं आहे, सहन करेल’ म्हणून थेट गच्चीवर ठेवतो. दोन-चार दिवसांत एक अंग पिवळट-पांढरं पडतं, पुढे तिथे खाकी रंगाची कडक साल येते. ती पुन्हा हिरवी होत नाही. झाड मरत नाही, फक्त डाग जन्मभर राहतो.

कोणत्या अंगाला ऊन लागतं हे महिन्यावर आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा शेंडा भाजतो. मे-जूनमध्ये सूर्य मावळतो पश्चिमेच्या बराच उत्तरेला. त्यामुळे वर्षभर ज्या बाल्कनीत उन्हाचा कवडसा येत नाही तिथे याच दिवसांत संध्याकाळचं तिरपं ऊन घुसतं. इंदिरानगरच्या एका काकूंनी फोनवर हीच तक्रार केली होती.

‘अहो, जागा तीच, कुंडी तीच, मग आत्ताच कसं पिवळं झालं?’

‘काकू, कुंडी फिरवली होती का?’

‘फिरवली की. मागची बाजू बरी दिसत होती, म्हणून ती पुढे केली.’

मागची बाजू म्हणजे वर्षभर सावलीत राहिलेली कोवळी साल. ती मे महिन्यात पुढे आली आणि भाजली. म्हणून झाड विकत घेतानाच नर्सरीत उन्हाकडे असलेल्या बाजूला कुंडीवर खडूने खूण करून घ्या आणि घरीही तीच बाजू उन्हाकडे ठेवा. फिरवायचंच तर पावसाळ्यात, आभाळ असताना. नवीन झाडाला पहिले दोन-तीन आठवडे सकाळचं ऊन पुरे, दुपारी शेडनेट. पांढऱ्या भिंतीला किंवा चमकदार फरशीला लागून ठेवलेली कुंडी दोन्हीकडून भाजते, हेही लक्षात असू द्या.

शेंडा फिकट पिवळा: पाण्यातला क्षार

जुना भाग हिरवा, पण नवीन वाढ लिंबासारखी फिकट, टणक आणि डागाशिवाय. अशा झाडाच्या मालकाला मी एकच विचारतो, पाणी बोअरचं की नळाचं? आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. वर्ष-दोन वर्षं तेच घातलं की कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो आणि मातीचा सामू (पीएच) वर जातो. मातीत लोह असतं, पण अशा मातीत मुळांना ते उचलता येत नाही. लोहाशिवाय झाडाला हरितद्रव्य बनवता येत नाही, आणि जुन्या भागातलं लोह झाड नव्या भागाकडे हलवूही शकत नाही. म्हणून पिवळं आधी शेंड्याला दिसतं. द्राक्षाच्या वेलीवर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, त्याच दुखण्याचं हे पानं नसलेलं रूप.

सगळ्यात स्वस्त उपाय पावसाचं पाणी. गच्चीवर दोन बादल्या भरून झाकून ठेवल्या तरी एवढ्याशा झाडांना बरेच दिवस पुरतात. ते नसेल तर बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व घाला, लिटरला पाव ग्रॅमपासून सुरुवात करा आणि सामूच्या कागदी पट्टीवर सहाच्या आसपास आलं की थांबा. अंदाजाने घालू नका, आंबट पाणीही मुळं जाळतं. वरचा पांढरा थर खरवडून काढा. माती दोन-तीन वर्षांची झाली असेल तर सरळ बदला. लोह द्यायचंच असेल तर कृषी सेवा केंद्रात ई-डी-डी-एच-ए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. क्षारयुक्त मातीत तेच टिकतं, ई-डी-टी-ए प्रकारचं लवकर निकामी होतं. लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत, महिन्यातून एकदा पुरे. आधीच पिवळा पडलेला भाग हळूहळू सुधारेल, पण खरी खूण म्हणजे त्यावर येणारी नवी हिरवी वाढ.

यातलाच एक छुपा प्रकार बांधकामावरून आणलेल्या वाळूचा. तिच्यात प्लास्टरचे आणि सिमेंटचे खडे असतात आणि ते कुंडीत बसून सामू वाढवत राहतात. वाळू आणलीत तर हाताने निवडा.

सगळंच झाड सारखं निस्तेज पिवळसर, वाढ थांबलेली आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलेली असतील तर ती भूक आहे. एक नंबर मोठी कुंडी आणि थोडं खत, संपलं.

ठिपके, जाळी आणि कापूस

शेंड्याजवळची साल पिवळट-तांबूस, खरखरीत, गंज चढल्यासारखी दिसत असेल तर लाल कोळी. बंद बाल्कनीत, कोरड्या हवेत, मार्च ते मेमध्ये जोरात. झाडाखाली पांढरा कागद धरून खोडावर टिचकी मारा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबडी रेघ उमटली, तर तेच. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा दर चार-पाच दिवसांनी पुरतो. पुढे गेलं असेल तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, फक्त संध्याकाळी आणि पारा पस्तिशीच्या खाली असताना. भर उन्हाळ्यात गंधक मारलं तर कोळ्याआधी झाड भाजेल.

पिवळं गोल वलय आणि मधोमध नखाने निघणारी खवली म्हणजे खवले कीड. जुन्या टूथब्रशने घासून काढा. गादीत कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक टिपा, आणि हे सावलीत करा. बाहेर काहीच दिसत नसेल, झाड मात्र कारण नसताना फिकट आणि थांबलेलं असेल, तर कुंडीतून काढून मुळं बघा. पिठ्या ढेकूण मुळांवरही राहतो. मुळं धुवायची, आठवडाभर सावलीत वाळवायची, नवीन मातीत लावायची, जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकायची नाही.

अंधाऱ्या खोलीतला कॅक्टस वर निमुळता आणि फिकट होतो. तो निमुळता भाग पुढे ऊन मिळालं तरी जाड होत नाही. आणि निफाड-ओझरकडे, जिथे काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तिथे पिलोसोसेरियसच्या अंगावर नारिंगी-काळे डाग पडतात. ड्रॅगन फ्रूटच्या दांड्यावरची कलमंही अशा थंडीत मान टाकतात. रात्री आत घ्या, माती कोरडी ठेवा, बाकी काही करावं लागत नाही.

कूज झालेलं झाड कापताना

धारदार सुरी, स्पिरिट, कापूस, जुनी वर्तमानपत्रं. झाड वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरा. मऊ भागाच्या चार बोटं वर पहिला आडवा छेद घ्या आणि चकती बघा. निरोगी सेरियसचा गर फिकट हिरवट-पांढरा, बुळबुळीत, आणि मधोमध एक वर्तुळ असतं. त्या वर्तुळावर तपकिरी किंवा नारिंगी ठिपका एकही दिसला तर कूज अजून वर गेली आहे. सुरी स्पिरिटने पुसा, दोन बोटं वर पुन्हा छेद. सुरी पुसायला आळस केलात तर तुम्हीच कूज वर नेता. वर्तुळ पूर्ण स्वच्छ दिसलं की त्यावर आणखी एक पातळ चकती काढून थांबा.

आता छेदाच्या कडा तिरप्या तासा. वाळताना मधला भाग आत ओढला जातो आणि मुळं त्या मधल्या वर्तुळातूनच फुटतात, त्यामुळे ते सगळ्यात खाली राहायला हवं. छेदावर गंधकाची किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची कोरडी पूड लावा. तुकडा सावलीत, पंख्याच्या हवेत, उभाच ठेवा, आडवा ठेवला तर वाकतो. बारीक तुकड्याला आठ-दहा दिवस, मनगटाहून जाड तुकड्याला तीन-चार आठवडे. युफोर्बिया कापला असेल तर आधी छेदावर गार पाणी शिंपडून चीक थांबवा.

छेद कोरडा आणि कडक झाला की दोन बोटं खोल, कोरड्या मातीत लावा, दोन बाजूंना काठ्या बांधा. पाणी लगेच नाही. पंधरा-वीस दिवसांनी हलकं ओढून बघा, झाड मातीला धरत असेल तर पहिलं पाणी.

खालचा बुंधा फेकून देण्याआधी एकदा बघा. कूज मधल्याच भागाला झाली असेल आणि मुळं पांढरी असतील, तर स्वच्छ छेद घेऊन, पूड लावून तो कुंडीत तसाच कोरडा राहू द्या. वरच्या गाद्यांमधून कडेने पिल्लं फुटतात. ती वीतभर झाली की कापून लावता येतात. पावसाळा आणि ऐन थंडी टाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेली पिल्लं आपल्याकडे सगळ्यात लवकर धरतात.